म्हसोबाच्या कोपऱ्यातलं पाणी

बोरतळ्यात पाहुणा आला की आधी चहा पाजायचा आणि मग तळं दाखवायचं, ही गावाची जुनी खोड. दाखवण्यासारखं दुसरं काही गावात नाही, हेही खरंच. पण पौषातल्या त्या सकाळी आलेला पाहुणा मुळी तळंच बघायला आला होता, आणि चहा नको म्हणाला. ज्ञानू मोऱ्याला तो तिथंच जरा खटकला.

पाहुण्याचं नाव राजशेखर. गडहिंग्लजकडचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. कुठल्याशा संस्थेतर्फे तालुक्यातल्या सगळ्या तळ्यांचा नकाशा करत हिंडत होता. त्याच्या हातातल्या फोनवर आभाळातून टिपलेलं आख्खं तळं दिसत होतं.

"वरनं म्हंजे किती वरनं?" ज्ञानूनं विचारलं.

"आठशे किलोमीटर म्हणा की काका. उपग्रह आहे. दर पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला तुमच्या डोक्यावरून जातोय."

"आन मी दिसतो व्हय त्येला?"

"नाही वो. त्याचा एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. तुमचं घर दिसलं तर एका ठिपक्याएवढं."

ज्ञानूला उगीचच वाईट वाटलं. चौसष्ट वर्षांत त्यानं तळ्याभोवती एवढ्या चकरा मारल्या होत्या, की वरच्यानं निदान त्याचा फेटा तरी ओळखायला हवा होता.

त्याला पाहुण्याबरोबर सरपंचानं धाडलं होतं. सरपंच धैर्यशील म्हणजे ज्ञानूचा सख्खा पुतण्या. भाऊ गेला तेव्हा पोरगं चार वर्षांचं होतं. ज्ञानूनं त्याला आपल्या लेकाच्या, उदयसिंहच्या बरोबरीनं एका ताटात वाढवलं, शाळेत घातलं, आणि तो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा स्वतः घरोघर हात जोडत हिंडला. "नानांच्या एवढी तळ्याची म्हायती कुणाला न्हाय," असं धैर्यशील चारचौघांत म्हणाला की ज्ञानूची छाती फुगायची.

आणि ते खोटं नव्हतं. तळ्यातलं केंदाळ काढायचा मान गेली तीस वर्षं ज्ञानूकडं होता. केंदाळ म्हणजे पाण्यावर तरंगणारी ती जाड देठांची, जांभळ्या फुलांची वनस्पती. शहरातले लोक तिला जलपर्णी म्हणतात आणि फोटो काढतात. गाव तिला शिव्या देतं. दसरा झाला की तिसऱ्या दिवशी घरटी एक माणूस पैऱ्यानं पाण्यात उतरायचा. मजुरी नाही, हजेरी नाही, आज तळ्यासाठी तू आलास तर उद्या तुझ्या रानात मी. ज्ञानू पुढं दोर घेऊन पोहायचा, केंदाळाच्या तराफ्याला वेढा द्यायचा आणि काठावरची माणसं "हय्या" करून तो तराफा ओढायची. सात दिवसांत तळं आरशासारखं व्हायचं.

तीन वर्षांमागं या रिवाजात पहिल्यांदा खंड पडला, आणि तोही ज्ञानूच्याच शब्दावरून. धैर्यशील तालुक्याची मीटिंग करून आला होता. म्हणाला, "नाना, आता वरनं फोटू काढनार हायत. जितं केंदाळ जास्त, तितं काढायची मशीन आदी मिळनार. आपन सगळंच काढलं तर आपल्याला काय मिळनार? उगवतीचा म्हसोबाचा कोपरा तेवढा सोडा. दोन-तीन वर्सं दिसू दे त्यास्नी."

गुंडू सुताराला ते पटलं नव्हतं. पण ज्ञानू पारावर उभा राहून म्हणाला, "माज्या पोरानं इचार करूनच सांगितलं आसंल," आणि गाव गप्प बसलं. म्हसोबाचा कोपरा सोडला. तीन वर्षांत तिथं केंदाळाचा असा गालिचा झाला की त्यावरून बगळे चालायचे.

आता राजशेखर त्याच कोपऱ्याच्या काठावर उभा होता. फोनवर तळं काळं दिसत होतं आणि तो कोपरा लालभडक.

"लाल कशापायी?" ज्ञानूनं विचारलं.

"आमच्याकडं पाणी काळं दिसतं आणि हिरवळ लाल. हे बघा, तीन वर्षं इथं लालच आहे. म्हणून तर जागेवर येऊन बघायचं. इथं काय आहे काका? पाण्यावरचं केंदाळ आहे का जमीन झाली?"

आदल्या दिवशी धैर्यशील घरी येऊन गेला होता. "नाना, पावनं इचारतील. पानी हाय म्हनलासा तर ते म्हनतील बरं हाय की तुमचं. रान झालंय म्हना. जेवढं वंगाळ सांगशीला तेवढी मशीन लौकर."

"रान झालंय," ज्ञानू म्हणाला. "पानी कवाच हटलं. गुरं चरत्यात."

राजशेखरनं मान हलवली, पण त्याला खात्री करायची होती. तो काठ उतरून पाय पुढं टाकणार, तोच ज्ञानूनं त्याचं मनगट धरलं. एक पाऊल टाकलं असतं तर गडी छातीपर्यंत आत गेला असता.

"जाऊ नगा पावनं. घोणस हाय त्यात. परवा म्हशीला चावली."

राजशेखर झटकन मागं आला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाला, आणि त्यानं ज्ञानूचा फोटो काढला. नाव लिहून घेतलं, ज्ञानदेव मोरे, स्थानिक शेतकरी. फोनच्या काचेवर बोटानं सही करायला लावली. मग मात्र त्यानं चहा घेतला, आणि जाताना आपला नंबर लिहून दिला. सून वर्षाराणीनं तो आपल्या फोनात घालून ठेवला.

ज्ञानू त्या रात्री चांगला झोपला. मशीन येणार होती.

मशीन आली नाही. चैत्र उतरत आला तेव्हा एका सकाळी म्हशी पाण्यावर नेताना ज्ञानूला बांधावर पांढरी फक्की दिसली. तळ्याच्या कडेकडेनं ती रेघ येत होती आणि म्हसोबाच्या कोपऱ्यापाशी सरळ आडवी गेली होती. कोपरा रेघेच्या बाहेर. पलीकडच्या टोकाला, जिथं नवी सडक रुंद होत होती, तिथं बांबूला लाल फडकी बांधलेली.

ज्ञानू रेघ ओलांडून गेला, परत आला. मग त्यानं आपल्या विहिरीत डोकावून पाहिलं. विहीर कोपऱ्यापासून तीस पावलांवर. वैशाखात गावातल्या विहिरींचे तळ दिसायचे तेव्हाही ज्ञानूच्या विहिरीत पुरुषभर पाणी असायचं, कारण म्हसोबाचा कोपरा जमिनीतून तिला पाजत होता. त्या पाण्यावर दीड एकरातली मिरची होती, मका होता, चार म्हशी होत्या, आणि घर होतं. कोपरा बुजला की विहीर मेली. हे सांगायला उपग्रहाची गरज नव्हती.

तालुक्याच्या कचेरीत बाकावर दुपारपर्यंत बसल्यावर एका कारकुनानं आत बोलावलं. तो डबा खात होता. खातखातच त्यानं संगणकाचा पडदा ज्ञानूकडं वळवला.

"बोरतळ्याची हद्द ठरली. तीन वर्षांत त्या भागात एकदाही पाणी दिसलेलं नाही. जागेवरची खातरजमाही आहे. हा कोण?"

पडद्यावर ज्ञानूच होता. फेटा नीट बांधलेला, तोंडभर हसू, खाली वेडीवाकडी सही.

"मी."

"मग?"

"मी खोटं बोललो सायेब. पानी हाय तितं. केंदाळाखाली माणूस बुडंल एवढं हाय."

कारकुनानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "तेव्हा खोटं बोललात. आता खरं बोलताय हे कशावरून?"

शेजारच्या टेबलावरची बाई हसली. ज्ञानूनं फेटा काढून हातात घेतला, का घेतला ते त्यालाही कळलं नाही, आणि परत डोक्यावर ठेवला.

"हरकत लिहून द्या. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. पुरावा जोडा," कारकून म्हणाला. "ग्रामपंचायतीनं तिथं व्यापारी गाळ्यांचा ठराव दिलाय. तुमचेच सरपंच आहेत ना?"

एस.टी.तून घरी येईपर्यंत ज्ञानूनं पुढच्या सीटची दांडी सोडली नाही. घरी न जाता तो थेट ग्रामपंचायतीत गेला. धैर्यशील खुर्चीतून उठला, पाया पडला. त्याच्या या पाया पडण्यावर ज्ञानू आजवर विरघळत आला होता.

"मशीन कुटं हाय रं?"

"बसा नाना. च्या सांगतो."

"मशीन कुटं हाय?"

धैर्यशीलनं दार लोटलं. "नाना, सडक चौपदरी व्हायला लागलीया. तितं पंचवीस गाळं बसत्यात. गावाची पोरं कुटवर म्हशीमागं हिंडनार? सरळ मागितलं असतं तर तुमी दिलं असतं व्हय तळं?"

"म्हनून माज्या तोंडनं वदवून घेतलंस?"

"तुमच्या शब्दाला वजन हाय की. दुसऱ्या कुणाचं कुणी आयकलं असतं?" हे तो मनापासून कौतुकानं म्हणाला. तेच ज्ञानूला जास्त लागलं. "आन तुमास्नी वाऱ्यावर सोडीन व्हय मी? एक गाळा धरलाय. उदयच्या नावानं."

"उदयच्या कानावर गेलं तर तंगडं मोडंल तुजं," ज्ञानू म्हणाला. धैर्यशीलनं नुसती टेबलावरची काच पुसली.

संध्याकाळी ज्ञानूनं घरात सगळं सांगितलं. बायको बयाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचा हात काही थांबला नाही. वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. उदयसिंह जेवत होता. उसाच्या खेपा संपल्यापासून त्याचा ट्रॅक्टर सडकेच्या कामावर लागला होता, दिवसभर धुळीत असायचा.

"बघू की आबा," तो ताटात बघत म्हणाला. "सरकारचं काम हाय. आपन काय करनार?"

"तू येशील का न्हाय माज्यासंगट?"

"येतो की. पर खेपा हायत. टायमावर न्हाय गेलो तर दुसरा लावत्यात." आणि त्यानं उठून हात धुतला.

राजशेखरला फोन लावला तो वर्षाराणीनं. सून बारावी शिकलेली, तिला बोलायचं कसं ते माहीत होतं. पण ज्ञानूनं फोन आपल्या हातात घेतला आणि जसं झालं तसं सांगून टाकलं.

"काका, तुम्ही माझं मनगट धरलं म्हणून मी आत गेलो नाही," राजशेखर म्हणाला. "मला वाटलं तुम्ही मला वाचवलं."

चूक झाली, एवढंच ज्ञानू तीनदा म्हणाला.

"नुसतं तोंडी सांगून आता काही होणार नाही. उपग्रहाला पाणी दिसलं पाहिजे. तो चार दिवसांनी येतोय, पण तेवढ्यात होणार नाही. त्यापुढची फेरी पुढच्या मंगळवारी, त्यानंतर मुदत संपायच्या आत आणखी एकदा. केंदाळ बाजूला करा. एक-दोन ठिपक्यांनी भागणार नाही, आठ-दहा ठिपके सलग मोकळे पाहिजेत. दिसलं तर मी स्वतः हरकतीला फोटो जोडतो."

मंगळवारला नऊ दिवस होते. ज्ञानू पारावर गेला. पैऱ्याची हाक द्यायला तो आजवर कधी घाबरला नव्हता, पण त्या दिवशी त्यानं खाली बघतच सगळं सांगितलं. माणसांनी ऐकून घेतलं. मग गुंडू सुतार म्हणाला, "नाना, आमी काढत हुतो तवा तुमी सोडा म्हनलासा. आमी सोडलं. आता तुमी काढा म्हनताय. उद्या काय म्हनशीला?"

"माजी विहीर जातीया रं गुंडू."

"ती जातीया म्हनून आठवन झाली न्हवं? तळं गावाचं हुतं तवा तुमी सरपंचाचं हुता." गुंडूनं पान थुंकलं. "आन खरं सांगू का, माज्या थोरल्याला गाळा मिळनार हाय."

कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिघंच पाण्यात उतरली, ज्ञानू, बयाबाई आणि वर्षाराणी. ट्रॅक्टरची जुनी टूब घेतली होती. तिच्यात हवा उदयसिंहनंच भरून दिली, ठोकून बघितली, आणि "लांब जाऊ नगा आबा," असं म्हणून तो निघून गेला.

केंदाळ दिसायला मऊ, पण तीन वर्षं मुरलेलं केंदाळ म्हणजे गोधडीला गोधडी शिवलेली. वरून हिरवं, खालून हातभर लांब काळ्या मुळ्यांचं जावळ एकमेकांत गुंतलेलं. ज्ञानू विळ्यानं तुकडा कापायचा, टुबेवर पालथा पडून त्याला दोर घालायचा, आणि दोघी काठावरून ओढायच्या. तुकडा हलायचा नाही. मग हलायचा तेव्हा एकदम हलायचा आणि वर्षाराणी चिखलात बसायची. काठावर आणलं की दाताळ्यानं वर ओढायचं, त्यातून साप-विंचू बघायचे, आणि पुन्हा दोर टाकायचा. दुपारी भाकरी, खर्डा आणि ताक. हात एवढे सुजलेले की घास मुठीत धरायला लागे.

दुसऱ्या दिवशी अंगाला खाज सुटली. तिसऱ्या दिवशी वर्षाराणीच्या तळव्यांची सालं निघाली, बयाबाईनं तिला करंजेल लावलं आणि म्हणाली, "घरातलं धुनं तू करू नगं आता. मी बघती." बयाबाईच्या पोटऱ्यांना जळवा चिकटायच्या. ती चिमूटभर मीठ टाकून त्या सोडवायची आणि परत उतरायची. साठीची बाई, लुगडं कमरेला खोचून, अडलेला तुकडा ढकलायला गळ्याइतक्या पाण्यात उभी राहायची आणि एक अक्षर बोलायची नाही. ज्ञानूला वाटायचं, हिनं एकदा शिवी द्यावी. धैर्यशीलला नाही तर निदान मला. तेवढ्यानंही बरं वाटलं असतं.

एकदा बांधावरून धैर्यशीलची गाडी गेली. काच खाली झाली. "काकू, कशाला जिवाला तरास?" तो ओरडला. बयाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. याच पोराला गोवर आला होता तेव्हा ती आठ दिवस त्याच्या उशाशी बसली होती.

सडकेच्या बाजूला बाभळीचं दाट बन होतं, त्यापलीकडं दिवसभर यंत्रं आणि ट्रॅक्टर धडधडत असायचे. तो आवाज आता कानाला सवयीचा झाला होता. सातव्या दिवशी उघड्या पाण्याचा तुकडा एवढा झाला की त्यात आभाळ दिसलं. ज्ञानूनं दोरानं माप घेतलं. वीस मीटर आणि चाळीस मीटर. कडेला बांबू ठोकले, म्हणजे केंदाळ परत सरकून येणार नाही. रोज संध्याकाळी उदयसिंह घरी यायचा, अंगावरची धूळ झटकायचा आणि विचारायचा, "किती झालं?" ज्ञानू हौसेनं सांगायचा.

मंगळवारी सकाळी ढग नव्हते. अकराला तिघंही काम थांबवून काठावर बसली. वर बघितलं तर नुसतं ऊन. बयाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला, जसा कुणी मोठा माणूस समोरून आल्यावर सावरतात.

"आता गेला आसंल," वर्षाराणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तिघं पुन्हा केंदाळ ओढत असताना, तिचा फोन वाजला. राजशेखरनं फोटो पाठवला होता. ओले हात पुसत दोघं तिच्याजवळ आली. कोपरा तसाच लाल. पण त्या लालात मधोमध काळे ठिपके होते. वर्षाराणीनं बोट ठेवून मोजले.

"आठ. मामा, आठ हायत!"

ज्ञानूनं फोन डोळ्यांशी नेला. आठशे किलोमीटरवरून कुणीतरी त्याचं पाणी बघितलं होतं. नऊ दिवसांचं तिघांचं अंग त्या आठ ठिपक्यांत होतं. त्याला मोठ्यानं हसू आलं, आणि बयाबाईही हसली.

"आन हे पांढरं काय गं?" त्यानं विचारलं.

लाल कोपऱ्याच्या पार टोकाला, सडकेच्या बाजूला, एक पांढुरका पट्टा होता. वर्षाराणीनं खाली राजशेखरनं लिहिलेलं वाचलं, "पाणी स्पष्ट दिसतंय, मी जोडतो. पण काका, दुसऱ्या टोकाला ताजी भर पडतेय. मुरूम असावा, तो आमच्याकडं पांढरा दिसतो. मागच्या फोटोत नव्हता. लवकर बघा."

ज्ञानू तसाच ओल्या धोतरानं निघाला. बाभळीच्या बनातून वाट काढताना काटे टोचले, ते त्याला कळले नाहीत. पलीकडं आला आणि उभा राहिला.

केंदाळावर तांबडा मुरूम पसरला होता. एक ट्रॉली उलटी फिरून काठाला लागली होती. तिच्या मागच्या फळीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, "बयाबाईचा आशीर्वाद." ते ज्ञानूनंच लिहून घेतलं होतं, गेल्या दसऱ्याला, वडगावच्या पेंटरकडून. पेंटरला दोनदा पुसून लिहायला लावलं होतं, आईचं नाव ठळक पाहिजे म्हणून.

ट्रॉली उचलली गेली. मुरूम घसरला. जांभळी फुलं क्षणभर वर राहिली, मग केंदाळ दबलं, आणि कडेनं पाण्याचे बुडबुडे आले. उदयसिंहनं मागं वळून बघितलं तेव्हा त्याला बाप दिसला.

इंजिन चालूच राहिलं.

"आबा," तो वरूनच म्हणाला, "मी न्हाय टाकला तर दुसरा कोनतरी टाकंलच की."

"मग टाकू दे की दुसऱ्यानं."

"धैर्यशीलदादानं गाळा दिलाय. म्हशीच्या धारा काढून काढून काय झालं तुमचं? मला बी दोन पोरं व्हनार हायत उद्या."

"तुजी आय तिकडं गळ्याइतक्या पान्यात हाय रं."

उदयसिंहनं स्टेअरिंगवर बोटं घासली. त्याचं तोंड लहानपणी चोरी पकडली गेल्यावर व्हायचं तसं झालं होतं, आणि ज्ञानूला वाटलं, आता उतरेल. आता खाली उतरेल. पण मागं दुसरी ट्रॉली येऊन हॉर्न वाजवू लागली.

"बाजूला सरा आबा," उदयसिंह हळूच म्हणाला. "अंगावर माती उडंल."

ज्ञानू बाजूला सरला. सरला, याची त्याला जन्मभर लाज वाटणार होती.

तो परत आला तेव्हा वर्षाराणी काठावर पाठमोरी बसली होती. बयाबाई पाण्यात होती. एका मोठ्या तराफ्याला तिनं एकटीनं दोर घातला होता.

"कोन हुतं?" तिनं विचारलं.

"वळखीचं कुनी न्हाय," ज्ञानू म्हणाला. "भायेरच्या गावचं ट्रॅक्टर हायत."

बयाबाईनं दोराची गाठ आवळली. "सडकेवर काळी खडी पडतीया. उदयची कापडं मी घासतीया. चार दिस झालं, खिशातनं तांबडा मुरूम निघतोय."

"आन तू बोलली न्हाईस?" ज्ञानूनं विचारलं.

"बोलली असती तर तुमी हात-पाय गाळून बसला असता. मंगळवार यायचा हुता." ती वर न बघता म्हणाली. "त्या पावन्याचा हात धरून त्येला मागं वडलासा, पान्याचा पत्ता लागू नये म्हनून. आता माजा धरू नगासा. मी पान्यातच हाय."

वर्षाराणीचे खांदे हलत होते. बाभळीपलीकडं पुन्हा एक ट्रॉली रिकामी झाल्याचा आवाज आला, लोखंडी फळी आपटली. कुणाची ते ज्ञानूला आता आवाजावरून कळत होतं. बयाबाईला आधीपासूनच कळत असणार. पाच दिवसांनी उपग्रह परत येणार होता, आणि तिकडून पांढरं वाढलेलं, इकडून काळं वाढलेलं सगळं जसंच्या तसं वरून दिसणार होतं. कुठलं कुणी केलं, तेवढं मात्र त्याला दिसणार नव्हतं.

ज्ञानू रडला. भर उन्हात, फेटा बांधलेला बाप्या माणूस, बायको-सुनेसमोर रडला, आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

बयाबाईनं दोर खांद्यावर घेतला आणि ओढायला सुरुवात केली. तराफा हलला नाही. तिनं पुन्हा ओढलं. ज्ञानू पाण्यात उतरला आणि त्यानं दोराचं दुसरं टोक धरलं, कारण तो आला नसता तर ती एकटीच ओढत राहिली असती.